स्टँडावरची दुपार

निपाणीच्या बाहेर ओढ्याकाठी आमची वस्ती होती. वस्तीत दिवस उजाडायचा तो टोपल्या विणायच्या काड्या, म्हणजे फोक, सोलायच्या आवाजानं. निरगुडीच्या ओल्या फोकावरनं विळा फिरला की सर्र असा आवाज येतो आणि सोललेला फोक ढिगावर पडताना बारीक टप् वाजतं. आई दारातच बसलेली असायची, एक पाय लांब करून, अंगठ्यात फोकाचं टोक धरून. त्या आवाजानंच माझी झोप मोडायची आणि डोळे न उघडताच मला कळायचं की आज काम किती निघालंय. वखारींचे दिवस असले की तंबाखू भरायच्या मोठ्या पाट्या विणायच्या असत. मग आप्पा, म्हणजे माझे वडील, आईच्या समोर बसायचा आणि दोघं न बोलता विणत राहायची. वारा फिरला की वखारीतली तंबाखू वस्तीभर यायची. माणसं शिंकायची, गाढवंसुद्धा शिंकायची. पुढं बेळगावला शिकायला गेले तेव्हा पहिले काही दिवस हवेत काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं. ते काय, हे सुट्टीत घरी आल्यावर एक सणसणीत शिंक आली तेव्हा कळलं.

सकाळी हुलग्याचं माडगं असायचं, दुपारी भाकरी आणि खर्डा. पावसाळ्यात आप्पा ओढ्यातनं खेकडे धरून आणायचा आणि आई ते पाट्यावर कुटून त्याचं पातळ कालवण करायची. ते कालवण मी नंतर कितीदा करून पाहिलं, तसं जमत नाही. माझा मुलगा म्हणतो, आई, तुझ्या कालवणाला काही दोष नाही, तुलाच ती भूक लागत नाही आता. असेलही.

शेजारच्या गल्लीतल्या आया आपल्या मुलींना रांगोळी शिकवायच्या. आमच्या आईनं आम्हाला गावात कसं वागायचं ते शिकवलं. दुकानात गेलं की हात मागं धरून उभं राहायचं. गर्दीत कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही. बाजारात काही हरवल्याचा गलका उठला तर पळायचं नाही आणि थांबायचंही नाही, जसं चाललोय तसं चालत राहायचं. नवी वस्तू विकत घेतली तर ती दुकानदाराच्या देखत चार माणसांना दिसेल अशी हातात धरून न्यायची, पदराखाली नाही. आणि घराबाहेर पडलं की आपली बोली बोलायची नाही. आम्ही कैकाडी. आमची घरातली बोली मराठीही नाही आणि कानडीही नाही, आणि ती कानावर पडली की माणसं आपापली पिशवी जवळ ओढतात हे मी फार लहानपणी पाहिलं होतं. निपाणी या राज्यात की त्या राज्यात यावरून गावात मोर्चे निघायचे. आम्हाला त्यात कधी कुणी बोलावलं नाही. पोलीस मराठी असो की कानडी, आमच्याशी दोघंही सारखंच बोलायचे. (घरातलं जे बोलणं पुढं येतंय ते खरं तर आमच्या बोलीतलं आहे. मी ते निपाणीच्या मराठीत उतरवलंय. माझ्या नातवंडांना आता तेवढंच कळतं.)

माझ्या आजोबांच्या काळात आमच्या लोकांना रोज चौकीवर हजेरी द्यावी लागायची. जन्मानंच गुन्हेगार, असा कायदाच होता. तो कायदा गेला, पण आजोबांना ते कुणी नीट सांगितलं नसावं, किंवा सांगितलेलं त्यांना पटलं नसावं. दिवस मावळायला आला की ते पटका बांधून चौकीसमोर जाऊन बसायचे. पोलीस हसायचे, म्हणायचे, म्हाताऱ्या, जा घरी, आता गरज न्हाय. आजोबा हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. कायदा गेला तरी गावात कुठं घर फुटलं की पोलीस आधी आमच्या वस्तीत यायचे, मग फुटलेलं घर बघायला जायचे. एकदा माझ्या चंद्रा आत्याला असंच नेलं होतं. ती परत आली ती गप्पच. पुढं जन्मभर ती बाजारात गेली नाही. तिला काय झालं ते कुणी विचारलं नाही आणि ती बोलली नाही. आम्हा मुलींना मात्र आई दर वेळी बाहेर पडताना तिच्याकडं एकदा बघायला लावायची, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटायचं, आत्याच्या पाया पडायला लावते.

शाळेत माझं बरं चाललं होतं. मॅट्रिक झाले आणि बेळगावला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळाला. राहायला मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. माझ्या खोलीत सुमन कांबळे म्हणून निपाणीचीच मुलगी होती. तिची आई विड्या वळायची आणि थोरला भाऊ नुकताच वकील होऊन बेळगावच्या कोर्टात उभा राहायला लागला होता. तो अधनंमधनं वसतिगृहात सुमनला भेटायला यायचा, आम्हा दोघींना उसाचा रस पाजायचा आणि निघून जायचा. मी पण त्याला अण्णा म्हणायचे. याच्या पलीकडं आमची काही ओळख नव्हती.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात मुलांना गोष्ट कशी सांगावी याची स्पर्धा झाली आणि माझा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून टेबलावर ठेवायचं गजराचं घड्याळ मिळालं, हिरव्या रंगाचं, वर दोन घंट्या. त्याच आठवड्यात सुट्टी लागणार होती. आई मला न्यायला आली, डब्यात तिखटातल्या शेंगा आणि भाकऱ्यांचं बोचकं घेऊन. खोलीतल्या मुलींनी तिला पलंगावर बसवलं आणि शेंगांचा फडशा पाडला. आईनं घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, परत लावलं. मग माझ्या कपड्यांच्या मधोमध ठेवून गाठोडं बांधलं आणि आम्ही स्टँडावर आलो.

निपाणीच्या गाडीला वेळ होता. ऊन तापलेलं, स्टँडावर माणसं बरीच, बाकावर आम्हाला जागा मिळाली. आई खुशीत होती. इतकी खुशीत मी तिला क्वचित पाहिली आहे. तिनं मांडीवरच्या गाठोड्याला कान लावला आणि हसत हसत आमच्या बोलीत म्हणाली, "रातभर हे असंच बडबडत बसतंय व्हय गं? तुझ्या आप्पाला झोप लागायची न्हाय." मीही आमच्या बोलीतच उत्तर दिलं की गजर लावून त्याच्या उशाशी ठेवूया. दोघी हसलो.

तेवढ्यात स्टँडाच्या त्या टोकाला गडबड झाली. कुणा बाईची बोरमाळ गेली म्हणून लोक म्हणत होते. आई गाठोड्यावर दोन्ही हात उघडे ठेवून बसली, कुणालाही दिसतील असे. एक पोलीस लोकांमधनं येत होता. पहिल्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं, तो पुढं आला. दुसऱ्या बाकावर दोन तरुण होते, पुढं आला. आमच्यापाशी येऊन थांबला. आमचं हसणं चाललं होतं तेव्हा तो पाठीमागच्या खांबाला टेकून होता, हे मला तेव्हा आठवलं.

"गंटु बिच्चु," तो आईला म्हणाला. आणि मग मराठीत, "गाठोडं सोड."

"काय झालं साहेब?" मी विचारलं.

"तुला विचारलं न्हाय."

आई गाठ सोडायला लागली, पण गाठ घट्ट बसली होती म्हणून वेळ लागला. त्यानं काठीनं तिचा हात बाजूला सारला, गाठ ओढली आणि गाठोड्याचं टोक धरून सगळं फरशीवर ओतलं. माझे परकर, चोळ्या, आतले कपडे, वह्या, भाकरीचं फडकं. लोक गोल करून उभे राहिले. काठीच्या टोकानं त्यानं माझा एकेक कपडा उचलून बाजूला टाकला. मी आजवर जिथं जिथं उभी राहिले, वर्गात, लग्नात, माझ्या निवृत्तीच्या समारंभात, तिथं कधी ना कधी ती काठी माझ्या कपड्यातनं फिरताना मला दिसली आहे. माणसांनी बघू नये म्हणून मी वाकले तर तो ओरडला, हात लावायचा न्हाय.

घड्याळ घरंगळत बाकाखाली गेलं होतं. त्यानं ते उचललं.

"हे कुणाचं?"

"माझं. कॉलेजात बक्षीस मिळालंय."

"कशाचं?"

"गोष्ट सांगायचं."

तो लोकांकडं बघून हसला. "गोष्टी सांगायला येत्यातच तुमच्यात." काही लोकही हसले. "आता बोरमाळंची गोष्ट सांगा. कुणाकडं पुढं दिली?"

आई म्हणाली, "साहेब, आम्ही बसल्या जागेवरनं उठलो न्हाय."

त्यानं तिचं बोलणं ऐकून घेतलं नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी वेणी, चपला, वह्या. म्हणाला, "तू शिकल्याली दिसतीस. तू जा घरी. हिला घिऊन जातो."

आम्हाला ट्रेनिंगमध्ये नागरिकशास्त्र होतं. माणसाला धरलं तर का धरलं ते त्याला सांगायला हवं, त्याला आपल्या पसंतीचा वकील बोलावता येतो, एका दिवसाच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला हवं, हे मी मुलांना शिकवायचा पाठही घेतला होता. ते सगळं माझ्या तोंडातनं बाहेर पडलं, वर्गात बोलतो तसं शुद्ध मराठीत, पण आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. मी म्हणाले, "कुठल्या गुन्ह्याखाली नेताय ते आधी सांगा. तसं नेता येत नाही तुम्हाला."

त्यानं काठी उचलली आणि बाकावर मारली. माझा हात तिथनं वीतभर लांब होता. भोवतीची माणसं मागं सरकली. मग त्यानं आईच्या दंडाला धरून तिला उठवलं, गाठोडं तसंच गोळा करून एका पोऱ्याच्या हातात दिलं आणि चालायला लागला. आईनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत चंद्रा आत्या होती. दुसरं काही तिला त्या घडीला आठवत नसणार, आणि मलाही नव्हतं.

चौकी जवळच होती. मी मागोमाग दारापर्यंत गेले. आत एक हवालदार टेबलाशी बसला होता, आणखी दोघं होते. बाई कुणी नव्हती. मला दारातच अडवलं. आई आतनं म्हणाली, "जा तू." मराठीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. मग आमच्या बोलीत, हळू, "कुणाला तरी आण. दिवस मावळायच्या आत."

तिला तिथं सोडून जाणं हे मी केलेलं सगळ्यात अवघड काम. उभं राहून काही होणार नव्हतं हे कळत होतं, पण पाय निघत नव्हते. मी असेपर्यंत ते तिला काही करणार नाहीत असं वाटत होतं. शेवटी मी पळत सुटले. चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. पोलिसांना जाब विचारू शकेल असं माणूस बेळगावात मला एकच ठाऊक होतं. कोर्टाच्या आवारात सुमनचा अण्णा झाडाखाली डबा खात होता. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यानं डबा तसाच झाकला.

"तुझ्या आईचं नाव विचारलं का त्यांनी?"

"न्हाय."

"काही लिहून घेतलं? अंगठा?"

"न्हाय."

"म्हणजे कागदावर ती तिथं नाहीच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलला. "बस मागं."

सायकलच्या कॅरियरवर बसून मी चौकीत परत आले. समोरच्या खोलीत आई नव्हती. गाठोड्यातल्या वस्तूंचा ढीग कोपऱ्यात पडला होता. आत कुठं बघावं ते मला कळेना. मागच्या पडवीतनं भांड्यांचा आवाज आला. आई तिथं उकिडवी बसून त्यांचे जेवणाचे डबे घासत होती. पदर डोक्यावरनं घट्ट ओढलेला. मला बघून तिनं राख भरलेला हात नुसता हलवला, काही नाही झालं, अशा अर्थानं.

अण्णा हवालदाराशी कानडीत बोलला, शांतपणे, काळा कोट अंगावर नीट करत. अटक केली आहे का? केली असेल तर कारण सांगा आणि मॅजिस्ट्रेटकडं कधी नेणार ते सांगा. केली नसेल तर ही बाई तुमचे डबे का घासतेय? हवालदार म्हणाला, वकीलसाहेब, बसा, चहा घ्या, ह्या लोकांचं तुम्हाला ठाऊकच आहे. अण्णा बसला नाही. "ह्या लोकांत मी पण येतो," तो म्हणाला. "आधी तिला खुर्ची द्या." हवालदारानं त्याच्याकडं नीट बघितलं. खुर्ची आली. आई तिच्या कडेला टेकली, पडेल की काय अशी.

तेवढ्यात एक बाई नवऱ्यासोबत आत आल्या. उचगावच्या शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, रडून डोळे सुजलेले. बोरमाळ त्यांचीच. फिर्याद द्यायला आल्या होत्या. पोलीस पुढं होऊन म्हणाला, "बाई, बघा, हीच होती न्हवं तुमच्याजवळ?"

त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "न्हाय. ह्यास्नी मी बघितलंच न्हाय."

"नीट बघा."

"बघितलं की. माझी माळ स्टँडावर गेलीच न्हाय. आमच्या गाडीतनं उतरले तवाच गळा मोकळा लागला. मी तुमास्नी तसंच सांगितलंतं."

हवालदार म्हणाला, "तुमाला ह्यांच्या जातीचं म्हाईत न्हाय बाई."

"मला माझ्या माळंचं म्हाईत हाय," त्या म्हणाल्या आणि तिथंच बाकावर बसल्या.

हवालदारानं हात झटकला आणि मला म्हणाला, "बरं, झालं. ने तुझ्या आईला. जावा."

आमच्या वस्तीत हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा होता. धरायचे, बसवून घ्यायचे, आणि मग एकदम म्हणायचे, जावा. की आपण हात जोडून निघायचं, वर त्यांचे उपकार मानत. मी घाईनं कोपऱ्यातले कपडे गोळा करायला वाकले.

"हात लावू नगंस," आई म्हणाली.

मला वाटलं मी ऐकलं ते चुकीचं. आई खुर्चीवर आता पुरती बसली होती, पाठ टेकून. तिनं त्या पोलिसाकडं बोट केलं नाही, नुसतं बघितलं.

"ज्यानं सोडलं त्योच बांधंल."

पोलीस हसला. हवालदार नाही हसला. अण्णासुद्धा चपापला. त्याला आम्हाला तिथनं लवकर बाहेर काढायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. तो वाकून हळूच म्हणाला, "मावशी, चला आता. पुढचं मी बघतो."

"तुमी लई केलंसा, दादा," आई म्हणाली. "तुमास्नी काम असंल तर जावा. मी बसते."

उन्हं कलायला लागली होती. माझ्या मनात येत होतं की आता हा काठी उचलणार, आता सगळं हातचं जाणार, कशाला करतेय ही असं. मी आमच्या बोलीत तिला म्हणालेसुद्धा, चल ना गं. तिनं ऐकलं नाही. तिच्या कपाळावर घाम होता आणि मांडीवर ठेवलेले हात एकमेकांना आवळून धरलेले होते. ती घाबरली नव्हती असं कुणी समजू नये. तिच्याइतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पण ती उठत नव्हती.

उचगावच्या बाईंचा नवरा म्हणाला, चल, आपलं झालं. त्या म्हणाल्या, "थांबा जरा. त्यांचं होऊ द्या." आणि पाय वर घेऊन नीट बसल्या. हवालदार एकदा दोन बायकांकडं, एकदा काळ्या कोटाकडं आणि एकदा दाराबाहेर जमलेल्या लोकांकडं बघत राहिला. शेवटी टेबलावरचे कागद उगाच सरळ करत त्या पोलिसाला म्हणाला, "बांध की रं. बांधून टाक आणि मोकळा हो."

तो खाली बसला. माझे कपडे त्यानं मुठीनं उचलले. आई म्हणाली, "घडी घालून." त्यानं घड्या घातल्या, वेड्यावाकड्या. "घड्याळ मधी." त्यानं टेबलावरनं घड्याळ आणून मधे ठेवलं. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. मला तेव्हा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की हा माणूस हे विसरणार नाही.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा आई खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला तिला उलटी झाली. मी पाठीवरनं हात फिरवला तर अंग थंडगार लागलं. चौकीतनं निघताना अण्णानं विचारलं होतं की वरती अर्ज करायचा का. करा, असं ती म्हणाली होती आणि कागदावर अंगठा दिला होता. आता ती मला म्हणाली, "आप्पाला मी सांगते. तू मधी पडू नगंस."

आप्पानं सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. विळा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "तू त्याला बांधायला लावलंस. आता त्ये हितं येत्याल."

ते आले. आम्ही माडगं पीत होतो. निपाणीचे नव्हे, कुठले होते कळलं नाही, जीपमधनं आले. विणून रचलेल्या पाट्यांवरनं चालत गेले. पाटी पायाखाली मोडते तेव्हा कड् कड् असा आवाज येतो, तो वस्तीतल्या सगळ्यांनी ऐकला. आप्पाला घेऊन गेले आणि संध्याकाळी सोडलं. तळव्यांवर मारलं होतं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो घरात आला. आईनं हळद गरम केली तर त्यानं तिच्या हातातनं वाटी घेतली आणि स्वतःच लावली. त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. वस्तीतली जाणती माणसं येऊन बसली. म्हणाली, अर्ज मागं घ्या, आमच्या पण पोरी हायत. त्यांचं काही चुकत नव्हतं. आई चुलीपुढं बसून ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. माझा जीव दोन्हीकडं ओढायचा. आप्पाचे पाय बघितले की वाटायचं, जाऊ दे. आणि चंद्रा आत्या एक दिवस आमच्या दारात आली, जी कुणाच्या दारात जात नसे. उंबऱ्यापाशी उभी राहून आईला म्हणाली, "मागं घिऊ नगंस," आणि परत गेली. एवढंच.

मग बेळगावहून बोलावणं आलं. पोलिसांचे मोठे साहेब स्वतः ऐकणार होते. त्या दिवशी आई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून निघाली, मीही निघाले. ओढा ओलांडला तर मागनं कुणी हाक मारली. आप्पा धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत येत होता. जवळ येऊन तो आईला म्हणाला, "सावकाश चाल. माझं पाय अजून दुखत्यात."

साहेब तरुण होते आणि मराठी चांगलं बोलत होते. अण्णा आमच्या बाजूला उभा होता. उचगावच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांची माळ काही सापडली नव्हती. तरी एक दिवसाचं शेतातलं काम सोडून त्या आल्या होत्या. त्यांनी जे घडलं ते सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. तो पोलीस भिंतीशी उभा होता, समोर बघत. मग साहेबांनी आप्पाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? आप्पानं खुर्चीवर बसूनच, आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाच्या पुढं खुर्चीवर बसून, पाय उचलून तळवे दाखवले. साहेबांनी बराच वेळ ते बघितले आणि काहीतरी लिहिलं.

शेवटी ते आईकडं वळले. "बाई, तुम्हाला काय हवंय? यानं तुमची माफी मागावी असं वाटतं का?"

आईनं थोडा विचार केला.

"माफी घिऊन मी काय करू, साहेब," ती म्हणाली. "मला गाडी येईस्तवर स्टँडावर बसायचं असतंय. तेवढं बसू द्या."

त्या पोलिसाचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. बदली झाली असं अण्णा म्हणाला. आप्पाला मारणाऱ्यांची नावं कधी निघालीच नाहीत. वस्तीत पोलीस यायचे थांबले असंही नाही, पण त्यानंतर ते येऊन आधी नाव विचारायला लागले, आणि आमची माणसं कशासाठी नेताय असं विचारायला लागली. एवढा फरक पडायला एवढं सगळं लागलं. मी आजही मोठ्या दुकानात शिरताना कुणी मागायच्या आधी पिशवी उघडून धरते. सून म्हणते, आई, कुणी मागितली नाही. मला ते कळतं, पण हात ऐकत नाहीत.

त्या दिवशी कचेरीतनं निघून आम्ही तिघं स्टँडावर आलो. आई बाकाच्या मधोमध बसली. आप्पानं पाय वर घेतले. समोरनं पोलीस जात येत होते. निपाणीची गाडी त्या दिवशी लई उशिरा आली.